अर्धा तास बरा, मग अडखळा: कमांडरवाल्या शूटर गेमांतलं जुनं दुखणं

नॅचरल सिलेक्शन २ सारखा गेम, जिथे एकजण कमांडर होऊन वरून नकाशा सांभाळतो आणि बाकीचे लढतात, उत्तरार्धात अडखळत असेल तर आधी लक्षणं पाहा. तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतं यावर पुढची वाट ठरते.

पहिलं लक्षण: चित्रच अडखळतं. माउस फिरवला की नजर झटक्याझटक्यानं वळते, पंखा घोंगावत असतो, आणि कमांडरच्या खुर्चीत बसून नकाशा सरकवला की अडखळणं वाढतं. हेडफोनमधला दोस्तांचा आवाज मात्र स्वच्छ असतो.

दुसरं: चित्र नीट सरकतं, पण माणसं उड्या मारतात. स्कल्क (चावणारा छोटा एलियन) दारात दिसतो आणि पुढच्या क्षणी तुमच्या पायाशी असतो. भिंतीआड पोचल्यावर तुम्ही मरता. मध्येच दोन पावलं मागे खेचले जाता. पडद्यावर लाल प्लगची खूण येते आणि बोलणं तुटतं.

तिसरं: चित्र ठीक, पिंगही (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) ठीक, पण सगळा खेळच जड होतो. गोळी लागल्याचं उशिरा कळतं, इमारत टाकली तरी लगेच उभी राहत नाही, आणि ही तक्रार दोन्ही संघांकडून एकाच मिनिटाला येते.

तिन्ही दुखणी बहुतेक वेळा मॅचच्या उत्तरार्धातच डोकं वर काढतात. त्यामुळे पोरं ती एकच समजतात आणि सरळ नवा राउटर नाहीतर ग्राफिक्स कार्ड घेऊन येतात. आमची टोळी गोव्यात फोंडा, साखळी, पेडणे, वास्को अशी विखुरलेली आहे. कुणाच्याही घरी बिघडलं की फोन मला येतो. त्या फोनांवरून सांगतो: दहातल्या बहुतेक वेळा पैसे न खर्चता काम भागतं.

उत्तरार्धातच का?

मी मुख्यतः नॅचरल सिलेक्शन २ बद्दल बोलतोय. मूळ नॅचरल सिलेक्शन २००२ साली हाफ-लाइफ या गेमचा मॉड (चाहत्यांनी बदलून केलेला अवतार) म्हणून आला, दुसरा भाग २०१२ ला स्वतंत्र गेम म्हणून. २००३ चा सॅवेज, २०११ चा न्यूक्लिअर डॉन आणि २०२३ ला अर्ली अॅक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आलेला सिलिका हेही त्याच कुळातले. बाकीचे बंदूक घेऊन पळतात आणि एकजण वरून नकाशा पाहत इमारती, संशोधन, हुकूम सांभाळतो.

साध्या शूटरमध्ये पहिल्या आणि शेवटच्या मिनिटाला नकाशावर साधारण तेवढ्याच वस्तू असतात. इथे तसं नाही. सुरुवातीला मरीन सैनिकांचं एक कमांड स्टेशन, एलियनांचं एक हाइव्ह आणि थोडी माणसं. तिसाव्या मिनिटाला खोल्याखोल्यांतून एक्स्ट्रॅक्टर, हार्वेस्टर, सेंट्री, व्हिप, क्रॅग, हायड्रा अशी दोन्ही संघांची बांधकामं; जमिनीवर पसरलेला एलियनांचा थर, म्हणजे इन्फेस्टेशन; आणि एखाद्या हौशी गॉर्जनं (बांधकाम करणाऱ्या एलियननं) बोगद्याच्या तोंडाशी रचलेले क्लॉगचे, म्हणजे अडसराच्या गोळ्यांचे, ढीग. सर्व्हरला या प्रत्येक वस्तूचा हिशेब ठेवावा लागतो, त्यातले बदल खेळाडूंना कळवावे लागतात, आणि तुमच्या यंत्राला ते चितारावे लागतात. तुमच्या घरच्या व्यवस्थेत जिथे कच्चा दुवा आहे, तो या वाढत्या ओझ्याखाली उघडा पडतो. पहिल्या दहा मिनिटांच्या खेळावरून काहीच सिद्ध होत नाही.

फुकटातली तपासणी

सगळ्यात आधी टोळीला विचारा: "आता कुणाकुणाला होतंय?" सगळ्यांना होत असेल तर दोष सर्व्हरचा, हात जोडून बसा आणि शेवटचा भाग वाचा. एकट्याला होत असेल तर घरचा. फोंड्याच्या दोघांना होतंय आणि वास्कोच्या कुणालाच नाही, असं असेल तर त्या भागातल्या लाइनवर संशय घ्या. हा प्रश्न कुणी विचारत नाही. जो तो आपल्या राउटरला शिव्या देत बसतो.

मग दोन आकडे पाहा. एस्केपच्या खालच्या कळीनं कन्सोल उघडतो. त्यात 'आर', अंडरस्कोर, 'स्टॅट्स' लिहिलं की दर सेकंदाच्या फ्रेम (पडद्यावर उमटणारी चित्रं) दिसतात. 'नेट', अंडरस्कोर, 'स्टॅट्स' लिहिलं की जोडणीची अवस्था आणि सर्व्हरचा टिक-दर (तो सेकंदाला किती वेळा खेळाचा हिशेब करतो) कळतो. अर्थात दोन्ही इंग्रजी अक्षरांत लिहायचं. मॅच सुरू होताना एकदा आणि गोंधळ चालू असताना एकदा, असे दोन फोटो मोबाइलवर काढून ठेवा. फ्रेम ९० वरून ३० वर आल्या तर पहिलं दुखणं. फ्रेम जागच्या जागी, पण पाकिटं (डेटाचे छोटे गठ्ठे) हरवताहेत किंवा पिंग उड्या मारतोय, तर दुसरं. नॅचरल सिलेक्शन २ चा सर्व्हर मुळात सेकंदाला ३० टिक मोजतो. तो २०-२२ वर घसरला असेल तर तिसरं.

आता सर्व्हर किती लांब आहे ते पाहा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. गोव्यापासून सिंगापूर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे ३५ मिलिसेकंद निसर्गनियमानंच गेले. प्रत्यक्षातली केबल सरळ रेषेत जात नाही. आपली वाहतूक आधी मुंबईला किंवा चेन्नईला जाते आणि तिथून समुद्रात उतरते. युरोपचा सर्व्हर तर याच्या जवळपास दुप्पट लांब, त्यात तांबड्या समुद्रातली केबल तुटली की वळसा आणखी वाढतो. २०२४ मध्ये तसं झालंच होतं. कुठलाही राउटर यात सुधारणा करू शकत नाही, दुकानदार काहीही सांगो.

पण एक लक्षात घ्या: लांबचा तरी स्थिर असलेला पिंग खेळण्याजोगा असतो. गेम बाकीच्यांना साधारण १०० मिलिसेकंद मागे ठेवून दाखवतो, म्हणून एखाददुसरं पाकीट हरवलं तरी खड्डा बुजतो. १४० चा स्थिर पिंग चालेल, ४० ते ३०० मध्ये झोके घेणारा चालणार नाही. लांबी आहे म्हणून रडू नका. झोका कुठून येतो ते शोधा.

त्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला सतत पिंग लावा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत बाहेरच्या १.१.१.१ या पत्त्याला लावा. दोन्ही चालू ठेवून मॅच खेळा. राउटरचाच पिंग १-२ वरून शंभरावर उडत असेल तर दोष तुमच्या चार भिंतींच्या आत आहे. राउटर शांत आणि बाहेरचा उडतोय, तर दोष राउटरपासून पुढे. सगळ्या तपासणीत मला ही एक सर्वांत मोलाची वाटते. तिनं निम्मं घर बाद होतं.

राउटर शांत आणि बाहेरचा झोके घेतोय, असं दिसलं तर लाइनवाल्याला फोन करण्याआधी घरातले मोबाइल पाहा. कुणाचा तरी फोन फोटो आणि व्हिडिओ वर चढवत असतो. चवथीच्या (गणपतीच्या) दिवसांत तर हमखास: मुंबई-पुण्याहून आलेली माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन, माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताचे) आणि आरतीचे व्हिडिओ, आणि सगळ्यांचं बॅकअप रात्री दहाला. अपलोडची वाट भरली की राउटर पाकिटं रांगेत उभी करतो आणि तुमच्या बंदुकीची गोळी त्या रांगेच्या शेवटी उभी राहते. डाउनलोडचा वेग मोजून हे कळत नाही. तो १०० चा १०० दिसतो. सगळ्या फोनांचं वायफाय दोन मिनिटं बंद करून पिंग पाहा. लगेच सरळ झाला तर रोग सापडला. राउटरच्या सेटिंगमध्ये रांगव्यवस्थापन (क्यूओएस किंवा एसक्यूएम) असेल तर ते चालू करून अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. ती सोय नसेल तर मामाला गोड बोलून बॅकअप सकाळवर ढकलायला सांगा.

चित्र अडखळणाऱ्यांसाठी फुकटातलं: लॅपटॉप चार्जरला जोडलाय ना? बॅटरीवर तो मुद्दाम हळू चालतो. ब्राउझर बंद करा. गेमच्या सेटिंगमध्ये इन्फेस्टेशन 'मिनिमल' करा, अँबियंट ऑक्लूजन आणि अॅटमॉस्फेरिक्स बंद करा, सावल्याही बंद करून पाहा. कमांडरला वरून एका नजरेत सैनिकापेक्षा कितीतरी जास्त वस्तू दिसतात, म्हणून ही काटछाट त्याला जास्त उपयोगी पडते. नकाशा उघडायलाच वेळ लागतो किंवा एकाच सर्व्हरवर गेम कोसळतो, तर तिथले मॉड बिघडलेले असू शकतात. स्टीमच्या वर्कशॉपमधून (जिथून मॉड येतात) उतरवलेला साठा काढून टाका आणि स्टीमकडून फाइल तपासून घ्या.

शे-पाचशे रुपयांतली

राउटरचाच पिंग उडत असेल तर आधी वायफाय सोडा आणि एका मॅचपुरती तार ओढा. दारातून, खिडकीतून, कशीही. आईची बोलणी खावी लागली तरी चालतील, पण हा प्रयोग केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गोव्यातल्या घरांचं एक वैशिष्ट्य आहे. जुनं घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), भिंती हातभर जाड. चिरा सच्छिद्र, त्यात लोह, आणि पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो. ओल्या भिंतीत रेडिओलहरी जास्त मरतात. म्हणून मे महिन्यात ठीक चालणारं वायफाय जुलैत माजघरापर्यंतही पोचत नाही, आणि पोरगा म्हणतो, "कंपनीनं स्पीड कमी केला." राउटर सहसा वसरीवर, जिथे फायबर आत आली तिथे टांगलेला, गेम खेळणारा मागच्या खोलीत. मध्ये दोन-तीन भिंती. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तेवढं पार करत नाही. २.४ चा थोडाफार करतो, पण तिथे शेजाऱ्यांची गर्दी. त्यात राहायचंच असेल तर १, ६, ११ यांपैकी सगळ्यात मोकळं चॅनल निवडा. सिग्नल वाढवणारे स्वस्त एक्स्टेंडर घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ते एकाच रेडिओवर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे व्हिडिओ पाहायला बरे, पण गेममधला झोका तसाच राहतो.

खरा उपाय तार. कॅट ५ई किंवा कॅट ६, अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नको. शंभर मीटरपर्यंत काही अडत नाही. तार लावूनही राउटर १००० ऐवजी १०० चाच दुवा दाखवत असेल तर आठातली एखादी तार टोकाला तुटली आहे किंवा कनेक्टर गंजला आहे. वास्को-बायण्याच्या बाजूला, समुद्राच्या वाऱ्यावरच्या घरांत, स्वस्त कनेक्टरच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या मी खूपदा पाहिल्यात. नवा कनेक्टर दाबून घेतला की काम झालं.

धूळ आणि ताप

चित्राचं अडखळणं सेटिंग बदलूनही जात नाही, आणि ते विसाव्या-पंचविसाव्या मिनिटानंतरच सुरू होतं, तर त्याला गेम जबाबदार नसून उष्णता असू शकते. ओळखायची युक्ती सोपी. मॅच संपल्यावर लगेच नवी मॅच सुरू करा. नकाशा रिकामा असूनही अडखळत असेल तर यंत्र तापलंय. रिकाम्या नकाशावर सुरळीत झालं तर ओझं इमारतींचं होतं. तापमान दाखवणारं कुठलंही फुकट सॉफ्टवेअर लावा. प्रोसेसर ९५-१०० अंशांना पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो.

आपल्याकडे दमट हवेमुळे धूळ भुरभुरीत राहत नाही, पंख्याच्या मागे जाळीवर नमद्यासारखी थापली जाते. डेस्कटॉप असेल तर वीज काढून, पंखा बोटानं धरून, ब्रशनं आणि ब्लोअरनं ती काढा. पंखा धरायचा कारण ब्लोअरनं तो सुसाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट बदलणं डेस्कटॉपवर जमण्यासारखं आहे. लॅपटॉपचं पोट आधी कधी उघडलं नसेल तर उघडू नका. आतली रिबन एकदा फाटली की मदरबोर्डाची किंमत मोजावी लागते. आणि उघडताना किंवा आधीच टचपॅड वर आलेला दिसला, बूड फुगलेलं वाटलं, तर बॅटरी फुगली आहे. तिथेच थांबा, चार्जर काढा, टोचू-दाबू नका, दुकानात न्या.

वीज

लाल प्लग येतो, दोन-तीन मिनिटं काहीच नाही, मग सगळं सुरळीत: हा राउटर किंवा फायबरचा डबा पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा. दिवा क्षणभर मिचकावला तेवढंही त्याला पुरतं. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच इन्व्हर्टरना मागे एक खटका असतो: साधा मोड आणि यूपीएस मोड. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जाताना लागणारा वेळ पंख्याला कळत नाही, पण राउटर मरतो. खटका बदलून पाहा, फुकट आहे. पण संध्याकाळी तुमच्याकडे दाब १८० व्होल्टच्या आसपास उतरत असेल तर यूपीएस मोड सारखा बॅटरीवर उडी मारत राहील. अशा वेळी राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. चौकोनी लहर देणाऱ्या जुन्या इन्व्हर्टरवर चांगल्या प्रतीचा पीसी चालवणंही टाळा. नव्या पॉवर सप्लायना ती लहर मानवत नाही आणि ऐन लढाईत यंत्र बंद पडतं.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर पुढे काहीही तपासू नका. अर्थिंग गेलेलं आहे. चिऱ्याच्या सड्यावरच्या घरांत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि तो नावापुरता उरतो. परवानाधारक वायरमनला बोलवा, आणि तो येईपर्यंत पीसीचा प्लग काढून ठेवा. पॉवर सप्लायचा डबा तर कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. आणि विजा चमकायला लागल्या की मॅच कुठल्याही रंगात असो, पीसी आणि राउटर दोन्हीचे प्लग काढायचे.

हजारांतली, आणि तीही शेवटी

मेमरी ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी टाकून दोन करा. विशेषतः ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांना फरक लगेच दिसतो, कारण चित्रंही त्याच मेमरीतून ओढली जातात. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घ्या. त्यानं फ्रेम वाढणार नाहीत, पण तुमचा नकाशा उघडेपर्यंत पहिलं हाइव्ह पडलेलं नसेल. ग्राफिक्स कार्डाकडे शेवटी वळा. नॅचरल सिलेक्शन २ आणि सिलिका दोन्ही उत्तरार्धात प्रोसेसरला जास्त घाम आणतात. कार्ड बदलून उत्तरार्ध सुधारला, असं मी क्वचितच पाहिलंय.

फायबरशी खेळू नका

फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला असेल तर तुमचं काम संपलं. तुम्ही फक्त एवढं पाहायचं: पिवळी किंवा काळी तार खिडकीच्या फटीत दुमडली आहे का, तिच्यावर कपाट सरकलं आहे का. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो, म्हणून वळण हाताच्या मुठीएवढं मोठं ठेवा. बाहेर कुळागरातून (पोफळी-माडांच्या बागेतून) किंवा खांबावरून आलेल्या तारेवर माडाचं चुडत (झावळी) पडलंय का, माकडांनी ती लोंबवलीय का, हे खालूनच पाहा. खांबावर चढू नका, तार ओढू नका. तुटलेल्या टोकात डोळा घालू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

दिवा हिरवा असूनही पाऊस पडला की पिंग झोके घेतो, तर राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे तारेतून पोचणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा, आकडा (डीबीएममध्ये) शोधा. उणे १५ ते उणे २५ ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला तर कुठल्यातरी जोडात पाणी किंवा मळ आहे, आणि ते काम जोडणी-यंत्र असलेल्या माणसाचं. कोरड्या दिवशीचा एक आणि पावसातला एक असे आकडे लिहून ठेवा. "नेट स्लो आहे" म्हणून तक्रार केली की फोनवर राउटर बंद-चालू करायला सांगतात. "कोरड्यात उणे २२, पावसात उणे २८, राउटरचा पिंग १, बाहेरचा २५० पर्यंत" म्हटलं की माणूस शिडी घेऊन येतो.

दोष सर्व्हरचाच असेल तर

टिक-दर घसरलेल्या सर्व्हरला तुम्ही घरून काहीच करू शकत नाही. निर्मात्यांनी २०२३ मध्ये नॅचरल सिलेक्शन २ ची नवी भर थांबवली. सर्व्हर आता खेळाडूच चालवतात. चालवणाऱ्याला टिक-दराचा फोटो, नकाशाचं नाव, खेळाडूंची संख्या आणि कितव्या मिनिटाला घसरला एवढं पाठवा. मॉड कमी करणं किंवा २४ ऐवजी १६ जागा ठेवणं त्याच्या हातात असतं.

तुमच्यापैकीच कुणी घरून सर्व्हर चालवत असेल तर दोन गोष्टी. हा सर्व्हर मुख्यतः एकाच कोअरवर चालतो, म्हणून बारा कोअरचा जुना प्रोसेसर निरुपयोगी आणि चार कोअरचा वेगवान नवा उत्तम. आणि ज्या यंत्रावर सर्व्हर चालतो त्याच्यावरच खेळू नका. बाहेरच्यांना जोडताच येत नसेल तर यूडीपी २७०१५ आणि २७०१६ ही पोर्ट उघडी आहेत का पाहा. राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर पोर्ट उघडून उपयोग नाही, कारण तेव्हा खरा सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. स्वतःचा वेगळा सार्वजनिक पत्ता मागून घ्या, बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडतात.

दुरुस्ती होईपर्यंत बिघाडवाल्याला कमांडर करू नका. त्याची एकट्याची जोडणी तुटली की दुसरं कुणी खुर्चीत बसेपर्यंत सगळ्या संघाचे नव्या इमारतींचे आणि संशोधनाचे हुकूम थांबतात. एलियनांकडे त्याला गॉर्ज द्या, मरीनकडे वेल्डर (डागडुजीचं हत्यार) द्या. बांधायला आणि डागडुजी करायला नेमबाजी लागत नाही, आणि २०० च्या पिंगवरही ते काम होतं.